पाणी साचलेल्या हिरवळीचा जमाखर्च



पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळाभर झाडे वाळतात म्हणून लिहिणारे लोक जुलैपासून झाडे सडतात म्हणून लिहू लागतात. यंदा तीन पत्रे एकाच विषयाची आली. एका भगिनीने कळविले आहे की, त्यांच्या घरासमोरची हिरवळ चार-चार दिवस पाण्याखाली असते आणि पाय ठेवला की पचपच आवाज येतो. दुसऱ्या एका ताईंच्या वसाहतीच्या बागेत डासांमुळे लहान मुलांना कोणी पाठवीत नाही. तिसरे पत्र एका बांधवाचे. त्यांच्या वसाहतीत हिरवळ उखडून सगळीकडे गट्टू बसवावेत असा ठराव येऊ घातला आहे, आणि त्याला विरोध करण्यासाठी त्यांना मुद्दे हवे आहेत. तिघांनाही एकत्रच उत्तर देतो.

सुरुवातीलाच एक खुलासा. आमच्या नागपूरकडे ‘लॉन’ म्हटले की लोकांना लग्नाचा मांडव आणि जेवणाच्या पंगती आठवतात. मी येथे लिहितो आहे ते घरासमोरच्या किंवा वसाहतीच्या आवारातल्या गवताविषयी. तरीही लग्नाचा या विषयाशी संबंध आहेच, तो पुढे येईल.

गवताला पाणी हवे असते हे आपण जाणतो. गवताच्या मुळांना हवाही हवी असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असते. शेतकरी या अवस्थेला ‘वाफसा’ म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा दुसऱ्याच्या नाही तर स्वतःच्या तुकड्यावर राबलेले. त्यांना हा शब्द शिकवावा लागत नसे. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच तो फुटावा, हाताला चिखल लागू नये, म्हणजे वाफसा आला असे ते समजत. पाणी साचले की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि दिवस-दोन दिवसांत मुळांजवळचा प्राणवायू संपतो. मुळे गुदमरतात, कुजतात, वरचे पाते पिवळे पडते. माती उकरली तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग लोक पिवळेपणा पाहून युरिया फेकतात. पाण्याखालच्या मातीत त्या नत्राचा बराच भाग जिवाणूंमुळे वायू होऊन उडून जातो, काही वाहून जातो. पैसे गेले आणि गवत पिवळेच राहिले. म्हणून पहिली विनंती अशी की, पाणी उभे असताना खत घालू नये.

आता दुखणे कुठे आहे ते पाहू. मी बी.कॉम. झालेला कारकून. मला प्रत्येक गोष्ट जमाखर्चाच्या वहीत मांडल्याशिवाय समजत नाही. हिरवळीवर पाणी साचणे म्हणजे आवक जास्त आणि जावक कमी. मधली शिल्लक म्हणजे डबके. कोणतीही उपाययोजना करण्याआधी या दोन्ही बाजू लिहून काढाव्यात.

आमच्याच वसाहतीचे उदाहरण घेतो. वाचनालयाच्या छोट्या इमारतीसमोर ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद, म्हणजे २४०० चौरस फुटांची हिरवळ आहे. तिच्यावर एक इंच पाऊस पडला तर पाणी किती? २४०० भागिले १२, म्हणजे २०० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे सुमारे ५६६० लिटर. ही एक बाजू. दुसरी बाजू आमच्या कोणाच्याही डोक्यात नव्हती. वाचनालयाचे छत १२०० चौरस फूट आहे आणि त्याच्या पन्हाळीचा पाईप थेट हिरवळीच्या कोपऱ्यात सोडलेला होता. म्हणजे एका इंचाच्या पावसात आणखी २८३० लिटर. एकूण साडेआठ हजार लिटरच्या आसपास पाण्यापैकी एक तृतीयांश पाणी आकाशातून त्या गवतावर पडलेलेच नव्हते, आम्हीच पाईपने आणून ओतले होते.

जावक पाहिली तर ती त्याहून वाईट. आमची जमीन काळी. या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जूनमधला पहिला पाऊस भेगांतून गटागटा आत जातो, आणि लोकांना वाटते की यंदा पाणी साचणार नाही. पंधरा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद होते. चिकणमातीत पाणी जिरण्याचा वेग तासाला १ ते ५ मिलिमीटर इतकाच धरतात. वाळूत तो ३० मिलिमीटरच्या वर असतो. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. हिशेब आपणच करावा. आमच्याकडे एक इंच पाऊस कधी कधी पाऊण तासात पडतो.

त्यातच आमच्या हिरवळीवर वर्षाला पाच-सहा समारंभ होत. मांडवाचे खांब, खुर्च्या, जेवणाचे टेबल, सामान आणणारा टेम्पो. टेम्पोच्या चाकाखाली ओली माती एकदा दाबली गेली की पोकळ्या मिटतात, आणि वरच्या तीन-चार इंचांत फरशीसारखा थर तयार होतो. लग्नाचा संबंध तो हा.

ज्यांना आपल्या जमिनीचा वेग मोजायचा आहे त्यांनी पुढील परीक्षा करावी. खर्च काही नाही. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा खणावा. पाण्याने भरावा आणि जिरू द्यावा. हे पाणी मातीला ओले करण्यापुरते, त्याचा हिशेब धरायचा नाही. मग पुन्हा भरावा, मध्ये एक काडी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि तासाने पाहावे. पाणी तासाला एक इंचाहून कमी उतरले तर निचरा वाईट आहे. एक खड्डा पुरत नाही, तीन ठिकाणी खणावेत. खणताना आतून काय निघते तेही नीट पाहावे. बांधकामाचा मलबा, विटांचे तुकडे, सिमेंटचा वाळलेला गाळ हिरवळीखाली गाडून वर चार इंच माती पसरण्याची रीत फार जुनी आहे. आमच्या एका खड्ड्यात फरशीचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या थैल्या निघाल्या. आणि ऐन पावसाळ्यात खणलेल्या खड्ड्यात खालूनच पाणी वर आले तर समजावे की जमिनीतल्या पाण्याची पातळीच वर आलेली आहे. तेथे पुढे सांगितलेला शोषखड्डा उपयोगी पडत नाही.

दुसरी परीक्षा पातळीची. डोळ्याने जमीन सपाट दिसते ती सपाट नसते. आमच्याकडे राहणाऱ्या एका निवृत्त गवंडीकाकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून एका दुपारी सगळी हिरवळ मापून दिली. दोन टोकांना दोन माणसे नळी धरून उभी राहतात, दोन्हीकडचे पाणी एका पातळीवर स्थिर होते आणि तेथून खाली जमिनीपर्यंत फूटपट्टी लावायची. काकांची शाळा चौथीपर्यंत. पण त्यांनी वहीवर काढलेला नकाशा असा होता की, आमच्या वसाहतीतल्या दोन अभियंत्यांनी त्यात काही बदल सुचविला नाही. हिरवळीचा मधला भाग कडांपेक्षा तीन इंच खोल निघाला. शिवाय रस्त्याच्या बाजूने बसविलेली गट्टूंची पायवाट हिरवळीपेक्षा चार इंच उंच होती. म्हणजे पाणी ज्या बाजूला जायला हवे, त्याच बाजूला आम्ही बांध घातलेला.

ही सगळी मोजमापे २०२२ च्या पावसाळ्यात झाली. त्याआधीच्या कार्यकारिणीने एका कंत्राटदाराकडून हिरवळ ‘दुरुस्त’ करून घेतली होती. त्यांनी काळ्या मातीवर चार इंच लाल माती पसरून नवे गवत लावले होते. पावसाचे पाणी लाल मातीतून भरभर उतरे, खालच्या काळ्या थरावर अडे आणि दोन्हींच्या मध्ये साचून राही. वरून कोरडे दिसणारे गवत खालून सडत होते. बिल मात्र पूर्ण दिलेले होते, फाईलमध्ये पावती आहे.

मग सभा झाली. सभेत तीन मते निघाली आणि प्रत्येक मत मांडणाऱ्याकडे स्वतःचे कारण होते.

पहिले मत गट्टूंचे. चिखल नको, डास नको, गवत कापायचा खर्च नको. यावर गवंडीकाकांनी एवढेच विचारले की, गट्टूंवर पडलेले पाणी कुठे जाईल? गवताची जमीन तासाला का होईना दोन-चार मिलिमीटर पिते. सिमेंटच्या थरावर घट्ट बसविलेले गट्टू जवळजवळ काहीच पीत नाहीत. उतार तर त्यांनाही द्यावा लागतो, नाली त्यांनाही लागते. म्हणजे खर्च टळत नाही, उलट वाहून जाणारे पाणी वाढते. उन्हाळ्यात ते तापतात ते वेगळेच. ज्या बांधवाने मुद्दे मागितले आहेत त्यांनी हा प्रश्न सभेत जरूर विचारावा.

दुसरे मत ऐकायला सोपे होते. मागच्या भिंतीला चार भोके पाडा, पाणी उतारानेच निघून जाईल, पैसे लागणार नाहीत. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे सखल भागात एक वस्ती आहे. तेथील घरांचे उंबरे आमच्या हिरवळीपेक्षा दीड-दोन फूट खाली आहेत. आमच्या वसाहतीत धुणीभांडी करायला, बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाया तेथूनच येतात. साडेआठ हजार लिटरचा हिशेब मी सभेत वाचून दाखविला आणि हे पाणी एका तासात त्यांच्या चुलीत जाईल असे सांगितले. काही क्षण कोणी बोलले नाही. मग एक सभासद म्हणाले, “त्यांच्याकडे तसेही पाणी शिरतेच.” यावर सभा तापली. आमच्यातल्याच एक शिक्षिका ताई उठल्या आणि त्यांनी विचारले की, आपले बालपण कोणत्या वस्तीत गेले ते इतक्या लवकर विसरायचे का? भिंतीला भोके पाडण्याचा प्रस्ताव मतास टाकला गेला आणि एकोणीस विरुद्ध चार मतांनी पडला. ही चार मते मला आजही आठवतात, पण ती कोणाची ते येथे लिहीत नाही.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. पाण्याच्या दाबाने भिंत ढासळू नये म्हणून भिंतीला वीप होल ठेवणे ही बांधकामाची योग्य रीत आहे. मात्र त्यातून निघणाऱ्या पाण्याला पुढे स्वतःची नाली हवी. नाली नसेल तर ते शेजाऱ्याच्या अंगणात सोडलेले पाणीच होय.

तिसरे मत, पाणी आपल्याच हद्दीत जिरवावे आणि जास्तीचे रस्त्याच्या पावसाळी नालीत सोडावे. ते मंजूर झाले.

कामाला हात घातला तो नोव्हेंबरच्या मध्यात. भर पावसात कोणी काळी माती खणायला घेऊ नये. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली, ती तुडविली की तिचे ढेकूळ दगडासारखे होते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था येते. मे महिन्यात तीच जमीन इतकी कठीण असते की मजुराचा जीव जातो. दिवाळीनंतर वाफसा असतो, तेव्हा कुदळ लोण्यासारखी चालते. पावसाळ्यात करायचे काम एकच, छत्री घेऊन उभे राहावे, पाणी कोठून येते आणि कोठे थांबते ते पाहावे आणि तेथे खुंट्या ठोकून ठेवाव्यात.

सर्वांत आधी आवक कमी केली. पन्हाळीचा पाईप हिरवळीवरून काढून भिंतीच्या कडेने नेला आणि शोषखड्ड्यात सोडला. खड्डा पायापासून दहा फूट लांब घेतला, कारण काळी माती पायाजवळ ओली-कोरडी होत राहिली की फुगते, आकसते आणि भिंतींना तडे देते. काळ्या मातीत शोषखड्डा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खड्डा मुरूम लागेपर्यंत गेला पाहिजे. काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा म्हणजे जमिनीत पुरलेले टाके. ते एकदा भरले की आठवडाभर भरलेलेच राहते. आम्हाला पाच फुटांवर मुरूम लागला, आम्ही सात फूट गेलो. चार फूट लांब, चार फूट रुंद, सात फूट खोल म्हणजे ११२ घनफूट. त्यात मोठी गिट्टी भरली की साधारण चाळीस टक्के जागा मोकळी राहते, म्हणजे साडेबाराशे लिटर. छताचे पाणी इंचाला २८३० लिटर. उरलेले कुठे जाणार? म्हणून खड्ड्याच्या वरच्या अंगाला एक पाईप काढून तो रस्त्याच्या नालीला जोडला. शोषखड्डा केला आणि सगळे भागले असे कोणी सांगितले तर त्याच्याकडून हा हिशेब मागावा.

त्यानंतर हिरवळीतला चर. इंग्रजीत याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात, त्यामुळे हे फ्रान्स देशातून आले असे वाटते. तसे नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. व्यवसायाने वकील, पुढे न्यायाधीश. शेतीची आवड असल्याने त्यांनी १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर एक पुस्तक लिहिले आणि त्यांचे आडनाव या चराला चिकटले. आपल्याकडेही कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात पाणी साचून क्षारपड झालेल्या जमिनी सच्छिद्र पाईप पुरून पुन्हा लागवडीखाली आणल्या गेल्या आहेत. तत्त्व एकच. पाण्याला मातीपेक्षा सोपी वाट करून द्यायची.

आमचा चर ६० फूट लांब आणि एक फूट रुंद. उतार शंभर फुटांना एक फूट ठेवला, म्हणजे ६० फुटांना सात इंच. वरच्या टोकाला १५ इंच खोल आणि रस्त्याकडच्या टोकाला २२ इंच. रस्त्याची नाली आमच्या जमिनीपासून अडीच फूट खोल असल्याने पाणी आपोआप उतरते. हे माप आधी घ्यावे. नाली उथळ असेल तर तिचेच पाणी उलटे हिरवळीत येईल. चराच्या तळाशी आणि बाजूंना जिओटेक्स्टाईल कापड अंथरले. त्याऐवजी कोणी गोणपाट वापरतात, ते एक-दोन पावसाळ्यांत कुजते. कोणी प्लास्टिकचा कागद घालतात, त्यातून तर पाणीच जात नाही. कापडावर दोन इंच गिट्टी, त्यावर चार इंची पीव्हीसी पाईप. वीस फुटी तीन पाईप लागले. पाईपला भोके पाडलेली बाजू खाली ठेवायची. लोकांना हे उलटे वाटते. पण चरातले पाणी तळापासून वर चढते आणि खालच्या भोकांतून पाईपमध्ये शिरते. भोके वर ठेवली तर त्यातून माती पडून पाईप बुजतो. वरच्या टोकाला पाईप कोपर लावून जमिनीपर्यंत आणला आणि झाकण बसविले. वर्षातून एकदा तेथून पाण्याचा जोर मारला की गाळ निघतो. पायवाटेचे गट्टू उचलून तिच्याखालून पाईप नेला आणि गट्टू पुन्हा बसविले. गिट्टी एकूण पाऊण ब्रासच्या आसपास लागली.

येथे चिकणमातीवाल्यांसाठी एक इशारा. चर भरल्यावर वर सहा इंच काळी माती टाकून गवत लावले तर सगळी मेहनत वाया जाते. पाणी त्या सहा इंचांतून खाली उतरतच नाही. आम्ही गिट्टी जमिनीखाली तीन इंचांपर्यंत आणली, तिच्यावर कापडाची घडी घातली आणि वर फक्त जाडी रेती भरली. कडेच्या गवताने दीड वर्षात ती पट्टी झाकून टाकली. चराकडे दोन्ही बाजूंनी हलका उतारही दिला. खरे सांगायचे तर काळ्या जमिनीत निम्मे काम हा वरचा उतारच करतो. ज्यांना पाईपचा खर्च झेपत नाही त्यांनी नुसता उथळ, पसरट चर काढून त्यात गवत लावले तरी पुष्कळ फरक पडतो.

मधला तीन इंचांचा खळगा भरताना गवताचे थर पावड्याने चौकोनी कापून उचलले, खाली माती भरली आणि थर परत बसविले. खळगा इंच-दीड इंचाचाच असेल तर गवत उचलायची गरज नाही. रेती, चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत एकत्र करून अर्धा-अर्धा इंच पसरावे, गवत वर आले की पुन्हा पसरावे.

दाबल्या गेलेल्या मातीसाठी काट्याचे फावडे घ्यावे. दर पाच-सहा इंचांवर ते चार इंच खोल रोवावे, मागेपुढे हलवून काढावे आणि ती भोके रेती आणि शेणखताने भरावीत. काम कंटाळवाणे आहे. आमच्या वसाहतीतल्या आठवी-नववीच्या मुलांनी दोन रविवार लावून ते केले आणि त्यात शर्यत लावली. तेव्हापासून टेम्पो हिरवळीवर आणायला बंदी आहे. जुलै ते सप्टेंबर मांडवही नाही. या ठरावावरून एका कुटुंबाशी आमचा अबोला झाला, तो वर्षभर टिकला.

नुसती रेती मिसळून काळी माती सुधारते, हा समज फार पसरलेला आहे. चार पाट्या रेती टाकली तर चिकणमातीचे कण रेतीच्या मधल्या जागा भरून टाकतात आणि विटेसारखा गोळा होतो. गुण बदलायचा तर निम्म्याहून जास्त रेती लागते. आमच्या २४०० चौरस फुटांच्या वरच्या सहा इंचांत १२ ब्रास माती आहे. म्हणजे सहा ब्रासहून जास्त रेती. कन्हानच्या रेतीचे दर पाहता तेवढ्या पैशांत वाचनालयाला नवी कपाटे येतील. त्यापेक्षा दरवर्षी शेणखत, गांडूळखत, कुजलेला पालापाचोळा घालत राहावे. सेंद्रिय द्रव्याने मातीचे कण दाणेदार होतात आणि पोकळ्या राहतात. दोन-तीन वर्षे लागतात. जिप्समविषयीही एका पत्रात विचारणा आहे. चोपण जमिनीत, म्हणजे जिच्यात सोडियम साठला आहे अशा जमिनीत, जिप्सम चांगले काम करते. इतर ठिकाणी पैसे वाया. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देऊन मगच ठरवावे.

डासांचे लिहायचे राहिले. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. हिरवळीवरचे डबके तीन-चार दिवसांत आटत असेल तर त्यात सहसा डास तयार होत नाहीत. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा जवळच्या कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, कुलरच्या टाकीत सापडतो. ताईंनी तेथेही पाहावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. निचऱ्याचा पाईप कधीही मैल्याच्या गटाराला किंवा सेप्टिक टाकीला जोडू नये. पावसाचे पाणी तेथे गेले की चेंबर उफाळते, आणि मग कोणीतरी म्हणते की एखाद्या माणसाला आत उतरवा. हा ‘एखादा माणूस’ कोणत्या घरातला असतो ते आपल्याला ठाऊक आहे. सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरविणे हा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आलेल्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. चेंबरमधला वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. वसाहतीचे गटार तुंबले तर नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची यंत्राची गाडी बोलवावी, दोन दिवस वास सहन करावा. ‘शंभर रुपये जास्त देतो’ असे म्हणून कोणालाही आत उतरवू नये आणि शेजाऱ्यालाही उतरवू देऊ नये.

फरक किती पडला, असे आपण विचाराल. २०२३ च्या पावसाळ्यात नेहमीच्या पावसाचे पाणी, जे पूर्वी चार दिवस राही, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरू लागले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठची घरे पाण्यात गेली, त्या दिवशी आमचा चर, शोषखड्डा, नाली सगळे एक झाले होते. तशा पावसापुढे कोणाच्याही आवारातला पाईप पुरा पडत नाही. मात्र पाणी ओसरल्यावर दोन दिवसांत हिरवळ मोकळी झाली. ईशान्येचा एक कोपरा अजून ओला राहतो. तेथे खाली जुना मलबा आहे आणि तो काढायचा तर एक मोठे कडुलिंबाचे झाड धोक्यात येते. झाड ठेवायचे ठरले. त्या कोपऱ्यात गवताचा हट्ट सोडून कर्दळ, वाळा आणि अळू लावले आहे. जुन्या घरांच्या मागे मोरीचे पाणी जेथे जाई तेथे आपल्या आज्या हेच लावत असत. अळूची भाजी वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या मुलीच घेऊन जातात.

ज्यांना या विषयावर पत्र लिहायचे आहे त्यांनी मातीचा रंग, जागेची लांबी-रुंदी, खड्ड्यात तासाला किती इंच पाणी उतरले, छताचा पाईप कुठे सुटतो आणि रस्त्याची नाली किती खोल आहे, एवढे पाच तपशील अवश्य कळवावेत. नुसते ‘पाणी साचते’ एवढे लिहिले तर मला उत्तर देता येत नाही. सोबत हाताने काढलेला साधा नकाशा असल्यास उत्तम. गवंडीकाकांनी तो पाहून देण्याचे कबूल केले आहे.